बापाला मामा म्हणणाऱ्या गावात

कुताइसीत बापाला मामा म्हणतात.
हे मला घरमालकिणीने, तेओनाने,
भाड्याच्या नोटा मोजता मोजता सांगितलं.
मी हसलो. का हसलो ते तिच्या भाषेत सांगता येईना.
आमच्याकडे मामा बनवतात, बाई.
तुमच्याकडे निदान होतात तरी.

तिचा मुलगा वाचे, वय अकरा महिने.
नाव वाचे, आणि वाचा अजून फुटायची होती.
दिवसभर ओठ मिटायचे, उघडायचे,
मऽ मऽ मऽ, बऽ बऽ,
अनोळखी घरात अंधारात शिरून कुणी
एकेक बटण दाबून बघावं
कुठला दिवा लागतो, तसं.

माझ्या कानाला तो मम्म मागत होता,
तेओनाच्या कानाला बाप.
बाप माल्खाज, पोलंडात ट्रक चालवतो,
रोज रात्री आठला फोनच्या काचेत येतो, टोपीसकट.
ती काचेवर बोट ठेवायची: मामा.
परत: मामा.
महिनाभर.
शेवटी एकदा तो म्हणाला, स्वच्छ,
आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडून आली.

मग सगळंच मामा झालं.
फोन बंद असला तरी मामा.
टीव्हीचा रिमोट. साबणाची वडी.
माझं शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक उभं धरलं, तर तेही.
जे जे चौकोनी ते ते बाप.
तेओना म्हणाली, शेजारी कुणाला सांगू नकोस.

ऑक्टोबरात माल्खाज आला.
दारात उभा, अंगाला डिझेलचा वास, हातात पिवळा खेळण्यातला ट्रक.
वाचे त्याच्याकडे बघेना.
रांगत टेबलापाशी गेला, वर फोन होता,
हात करून ओरडला: मामा!
कुणी काही बोललं नाही.
मातीच्या तव्यात मक्याची भाकर करपत होती, ती करपू दिली.

माल्खाज बाहेर गेला.
अक्रोडाखाली थंडीत उभा राहून त्याने घरात फोन लावला.
काचेत मामा आला. पोरगं खिदळलं.
मग काचेतला मामा चालू लागला,
खांद्यामागे अक्रोड लहान होत गेला,
आवाज दोन बाजूंनी यायला लागला,
आणि दार उघडलं.
त्याने फोन धरलेला हात हळूहळू खाली घेतला.

काचेत आता नुसते बूट.
वाचेने बूट पाहिले. माणूस पाहिला. परत बूट.
परीक्षेच्या हॉलमध्येही मी कुणाला
इतका वेळ विचार करताना पाहिलेलं नाही.
मग एक बोट उठलं, शेंगेएवढं, दाढीच्या रोखाने:
आइ!

त्यांच्यात आइ म्हणजे बघ, हे बघ, इथे आहे.
मला अर्थ माहीत होता.
तरी कानाने आपलंच ऐकलं.
मी उठून खोलीत गेलो, पुस्तक उघडलं, ओळ लागेना.

नोव्हेंबरात माल्खाज परत गेला.
काल वाचे पायरीवर बसला होता,
दाणे काढलेलं कणीस कानाला लावून.
मामा. मामा.
मध्ये गप्प, पलीकडचं ऐकायला जेवढं लागतं तेवढं.
मग हो, हो हो.
हो त्यांच्यातही हो.

तेओना घाबरली: परत विसरला का रे हा?
तेवढ्यात त्याने माझ्याकडे पाहिलं,
दोन दात दाखवून लबाड हसला,
आणि कणीस माझ्यापुढे धरलं.
तुझा आहे, घे.

मी कानाला लावलं.
कणसात कुणी नाही
हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.
हो, मी म्हणालो.
जेवलो.